लोकप्रियता आणि राज्यकर्तव्य

राज्यकर्त्यानें लोकांना रुचेल तें करावें कीं लोकांच्या हिताचें असेल तें करावें, हा प्रश्न निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या धामणगांवच्या पेठेंतहि निघतो. आणि बहुधा त्याचा निकाल पहिल्या बाजूनें लागतो. कारण, कर माफ करणारा पुढारी कोणाला नको असतो? या वादांत शिरण्यापूर्वीं आमच्याच जिल्ह्यांतील एका पुरुषाचें चरित्र वाचकांनीं आठवावें, अशी आमची विनंती आहे.

डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजीं पापळ येथें शेतकरी कुटुंबांत झाला. कांहीं काळ ते चांदूर रेल्वेच्या शाळेंत शिकले. पुढें विलायतेस जाऊन वैदिक वाङ्मयाच्या अभ्यासाबद्दल ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट व त्याबरोबर बॅरिस्टरी मिळवून १९२६ सालीं परतले. वकिलीवर सुखानें आयुष्य काढणें त्यांना कठीण नव्हतें.

१९२८ सालीं ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्या अधिकारांत त्यांनीं सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या, आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचें व्हावें म्हणून कर वाढविला. या दोन गोष्टींनीं कोण दुखावणार होतें, हें नीट पाहिलें पाहिजे. त्या काळीं मताचा हक्क मालमत्ता व कर यांवर अवलंबून असे. कराचा बोजा ज्याच्यावर पडावयाचा तोच मतदार; विहिरीवर आपलाच हक्क समजणारा, तोहि बहुधा मतदार. उलट, ज्यांच्या घागरीसाठीं विहीर मोकळी व्हावयाची त्यांतील बहुतेकांस मत नव्हतें, आणि ज्या पोरांसाठीं शाळा चालावयाच्या त्यांना तर तें नव्हतेंच. म्हणजे ज्यांचीं मतें हवीं त्यांना दुखवून, ज्यांच्यापाशीं मत नाहीं त्यांचें काम करावयाचें, असा हा व्यवहार. व्यापाऱ्याच्या हिशेबानें तो निव्वळ बुडीत खात्याचा! कागदावरील हुकूमानें गांवोगांव विहिरी त्याच दिवशीं खुल्या झाल्या, असें आमचें म्हणणें नाहीं. पण हुकूम निघाला, ही गोष्ट लहान नव्हती.

पुढें १९३० सालीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलांत जाऊन मंत्री झाले. ते दिवस जागतिक मंदीचे होते. कापसाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशांत जाऊं लागली. भाऊसाहेबांचें मंत्रिपद चालू असतां, १९३३ सालीं, कर्जलवादाचा कायदा झाला. त्याचें श्रेय वऱ्हाडचा शेतकरी त्यांना देत आला आहे. ऋणको व धनको यांना मंडळापुढें बसवून कर्जाची तडजोड करावयाची व हप्ते बांधून द्यावयाचे, आणि रास्त तडजोड नाकारणाऱ्या सावकारास पुढें कोर्टांत खर्च व चढें व्याज मिळूं द्यावयाचें नाहीं, असें त्याचें स्वरूप होतें. पेठ अर्थातच प्रसन्न झाली नाहीं. आम्हां वकिलांची तर अशा दाव्यांवरच चूल पेटत असे, हेंहि येथें प्रामाणिकपणें सांगावें लागेल.

मात्र लोकांना दुखविलें म्हणजेच न्याय केला, असें कोणीं समजूं नये. परकी सरकारहि लोकमताची पर्वा करीत नसे, आणि तरी स्वतःस न्यायी म्हणवून घेत असे. परंतु त्या सरकारला आपल्या कृत्याचा जाब देण्यासाठीं लोकांच्या दारीं कधीं यावें लागलें नाहीं. भाऊसाहेब आले. ज्यांच्यावर कर बसविला त्यांच्यांतच ते राहिले, श्रीशिवाजी शिक्षण संस्थेसाठीं त्यांच्याच दारीं मदत मागितली, आणि त्यांच्याच मतांस पुन्हा सामोरे गेले.

प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. १९२८ सालीं ज्यांच्या हातीं कांहींच नव्हतें, तेहि त्या वेळीं मतपेटीपाशीं आले. आणि अमरावतीहून भाऊसाहेब लोकसभेवर गेले.