बत्तिसांत एकटा : नगरपालिकेतले जोतीराव

११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर हे दोन दिवस जवळ आले की आमच्या गावोगावी राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्यावर व्याख्याने होतात. भिडे वाड्यातील १८४८ ची मुलींची शाळा सांगितली जाते, १८७३ ची गुलामगिरी सांगितली जाते, त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाज सांगितला जातो. हे सांगितलेच पाहिजे. पण १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. आमच्या मते ती एक ओळ नाही, तो एक संपूर्ण धडा आहे. आज आमचे शेकडो कार्यकर्ते नगरसेवक म्हणून नगरपालिकांच्या सभागृहात बसतात. त्यांच्यासाठी तर हा पहिला धडा असायला हवा.

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीरावांच्या घरात भाजीचा आणि फुलांचा धंदा होता. १८४७ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतून इंग्रजी शिक्षण पुरे झाले. दुसऱ्या कुणी एवढ्या शिक्षणावर सरकारी नोकरी धरली असती आणि पेन्शन घेऊन मोकळा झाला असता. जोतीरावांनी शाळा काढल्या आणि पोटासाठी धंदा केला. शेती केली, ठेकेदारीही केली. खडकवासल्याच्या धरणाला, येरवड्याच्या पुलाला लागणारे बांधकामाचे सामान पुरवण्याची कामे त्यांनी घेतली. मांजरीला कालव्याखालची जमीन कसली.

या ठेकेदारीचे महत्त्व आमच्या लोकांनी ओळखलेले नाही. पुण्यात समाजसुधारणेवर बोलणारे पुष्कळ होते. पण चुना कसा मळतात, दगडाचे माप कसे घेतात, बिल कुठल्या टेबलावर अडते आणि हजेरीपटावर किती खोटी नावे चढतात, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होते? जोतीरावांना ठाऊक होते, कारण ते स्वतः त्या कामावर उन्हात उभे राहिलेले होते. बांधकाम खात्यातील ब्राह्मण कर्मचारी कामगारांना आणि सरकारला कसे लुबाडतात यावर त्यांनी पवाडाच रचला. सार्वजनिक कामातील भ्रष्टाचारावर लिहिणारा इतका जाणकार माणूस त्या काळच्या मराठीत दुसरा दिसत नाही. धरण, पूल, रस्ता या गोष्टी दगडमातीच्या असल्या तरी त्यांच्यात जात वावरते, हे त्यांनी कामावरच पाहिले.

असा माणूस १८७६ मध्ये नगरपालिकेत गेला. ती नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. सभासद निवडून येत नसत, सरकार त्यांची नेमणूक करी. स्थानिक स्वराज्याबद्दलचा लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ चा, म्हणजे जोतीरावांची मुदत संपतानाचा. तेव्हाचे पुणे आजच्यासारखे महानगर नव्हते. कॅन्टोन्मेंट सोडले तर वस्ती लाखाच्या आसपास. पाण्याचे हौद, कंदील, गटारे, रस्ते, बाजार आणि जकात हा नगरपालिकेचा कारभार. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या मर्जीत राहावे, साहेबाने मांडलेल्या ठरावाला मान हलवावी, हीच रीत. नेमणूक ही मेहेरबानी, आणि मेहेरबानीची परतफेड म्हणजे गप्प बसणे!

जोतीराव गप्प बसले नाहीत. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता. त्याच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेत आला. हा लिटन कोण? ज्याच्या कारकिर्दीत १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला आणि त्याच दुष्काळात १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला राणीच्या नावाने थाटाचा दरबार भरला, तो हा लिटन. त्या दुष्काळात जोतीराव आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी धनकवडीला अनाथ मुलांच्या अन्नाची सोय करण्यात गुंतले होते. उपाशी मुलांच्या ताटात काय पडते हे ज्याने पाहिले, त्याला स्वागताच्या खर्चाचा अर्थ वेगळा कळतो. कर देणाऱ्यांचा पैसा शोभेवर उधळू नये, तो पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका जोतीरावांनी घेतली. मतदान झाले. बत्तीस सभासदांच्या त्या नगरपालिकेत विरोधी मत एकच पडले, आणि ते जोतीरावांचे होते.

ठराव अर्थातच मंजूर झाला. मग जोतीराव हरले काय? त्या दिवशी हरले. पण आज त्या बत्तिसांतली किती नावे लोकांना आठवतात, हा प्रश्न आम्ही वाचकांनाच विचारतो.

त्याच वर्षी दुसरा प्रसंग घडला. शहरात दारूची दुकाने वाढू लागली होती. १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी नगरपालिकेच्या कारभारी समितीचे प्रमुख प्लंकेट यांना पत्र लिहून या दुकानांना विरोध केला. दारूने कामकऱ्यांच्या घरांची धूळधाण होते, आणि शहराचे आरोग्य पाहणाऱ्या नगरपालिकेला याकडे डोळेझाक करता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. आरोग्य म्हणजे केवळ गटार साफ करणे नव्हे, गरिबाचे घर वाचवणे हीसुद्धा नगरपालिकेची जबाबदारी आहे, इतक्या दूरवर त्यांची नजर जात होती.

पुढे मंडईचा प्रश्न आला. लाखो रुपये ओतून शहरात मोठी दिमाखदार मंडई उभारायचे ठरले. जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. ज्या शहरात गरिबांच्या मुलांना धड शाळा नाही, तिथे आधी इमारतीचा डौल की आधी अक्षर? ते भाजीबाजाराचे शत्रू नव्हते. त्यांचा जन्मच भाजी पिकवणाऱ्या समाजात झाला होता. १८८३ च्या शेतकऱ्याचा असूडमध्ये त्यांनी दाखवून दिले आहे की, माळवे घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याला जकात आणि दलाली कशी नागवते. म्हणजे ज्याच्या घामाच्या जकातीतून तिजोरी भरते, त्याच्या मुलाच्या वाट्याला त्या तिजोरीतून काय येते, हा त्यांचा सवाल होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही त्यांनी हाच सवाल मोठ्या प्रमाणावर मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जाती उचलतात. नगरपालिकेतले जोतीराव आणि हंटर आयोगापुढचे जोतीराव दोन नाहीत. हिशोब एकच आहे.

ती मंडई १८८६ मध्ये उघडली आणि गव्हर्नर रे साहेबाचे नाव तिला लागले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या खर्चाला ज्याने विरोध केला, त्याच इमारतीवर त्याचे नाव! नावाचा आम्हाला आनंदच आहे. पण नाव दिले आणि प्रश्न मागे ठेवला, असे तर झाले नाही ना?

जोतीराव नुसते विरोध करणारे होते, असे कुणी म्हणेल तर ते खोटे आहे. कालव्याचे पाणी शेतकऱ्याला वेळेवर मिळत नाही, पाणीपट्टी मात्र वेळेवर वसूल होते, हे पाहून त्यांनी उपाय सुचवला : प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे पाणी मोजून मिळावे, त्यासाठी तोट्या बसवाव्यात. माती वाहून जाऊ नये आणि पाणी मुरावे म्हणून बंधारे घालावेत, असेही त्यांनी लिहिले. आज पाणलोटाच्या योजनांत जे सांगितले जाते, ते जोतीराव १८८३ मध्ये सांगत होते.

आणि नगरपालिकेत जाण्याच्या आठ वर्षे आधी, १८६८ मध्ये, त्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यासाठी कुठल्या ठरावाची त्यांनी वाट पाहिली नाही. ही गोष्ट महाडशी ताडून पाहावी. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. ठराव कागदावर राहिला, आमच्या माणसाच्या ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. मग सनातन्यांच्या दडपणाखाली नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तोच ठराव रद्दही केला, आणि हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. एका छोट्या गावाच्या नगरपालिकेचा एक ठराव किती मोठा असतो, आणि अंमलबजावणीविना तो किती पोकळ असतो, हे महाडने शिकवले. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले आणि शूद्र पूर्वी कोण होते हा १९४६ चा ग्रंथ त्यांना अर्पण केला, तो उगाच नाही.

आता थोडे आमच्याकडे पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि स्त्रियांच्या राखीव जागा घटनेनेच पक्क्या केल्या. जोतीरावांना सरकारने नेमले होते, आमचे प्रतिनिधी मतांवर निवडून जातात. म्हणजे त्यांचे बळ जोतीरावांपेक्षा जास्त आहे. मग सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका वाचली जाते, मंजूर-मंजूरचा गजर होतो, तेव्हा आमचा नगरसेवक काय करतो? मुख्य रस्ता दोनदा काँक्रीटचा होतो आणि आमच्या वस्तीतला रस्ता नळासाठी खोदून तसाच पडतो, तेव्हा तो अंदाजपत्रकाचे पान उलटतो काय? शाळेसमोर गतिरोधक नाही म्हणून पोर गाडीखाली येते, पण चौकात हायमास्ट दिवा आणि स्वागत कमान उभी राहते. गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही जीव जातात, आणि जाणारा जीव बहुतेक वेळा आमच्याच माणसाचा असतो. हा विषय सभेत कोण आणतो?

आणखी एक कडू गोष्ट आम्हाला सांगितली पाहिजे. कमानी केवळ दुसऱ्यांच्या नावाने उभ्या राहत नाहीत. आमच्या महापुरुषांच्या नावाने कमान बांधायची, तिच्या ठेक्यात टक्केवारी घ्यायची आणि मागे नगरपालिकेची शाळा पटसंख्येअभावी बंद पडू द्यायची, हेही आम्ही पाहिले आहे. हा जोतीरावांचा सन्मान नव्हे. हजार रुपयांच्या स्वागताला विरोध करणारा माणूस आज सभागृहात असता, तर त्याने आपल्या नावाच्या कमानीविरुद्धही मत दिले असते, यात आम्हाला शंका नाही.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला आणि रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाईंनी देह ठेवला. वस्त्यांचे आरोग्य हा या दोघांसाठी भाषणाचा विषय नव्हता, प्राण देण्याचा विषय होता.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पुढच्या जयंतीला हार घालण्याआधी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, त्याचा अर्ज करा. आपल्या वस्तीच्या नावाने किती पैसा आला आणि कुठे गेला, हे दहा जणांनी बसून वाचा. सभागृहात आपला प्रतिनिधी एकटा पडला तर बाहेर त्याच्या पाठीशी उभे राहा, आणि तो विकला गेला तर त्याला घरी पाठवा. जोतीराव बत्तिसांत एकटे होते. आमच्या प्रतिनिधीला एकटे पडण्याची गरज नाही, कारण त्याच्यामागे आम्ही आहोत. निदान असायला हवे.

जय जोती! जय भीम!