म्हैसूरच्या मोठ्या पदाची ऑफर आली, पण विश्वेश्वरय्यांनी होकार देण्याआधी काम काय ते विचारलं

शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसी आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभ एमआयडीसी. इंजिनिअरिंगचा निकाल लागला की या भागातली अनेक पोरं बायोडेटाच्या झेरॉक्स घेऊन तिथूनच सुरुवात करतात. मिळेल ती नोकरी धरायची, पुढचं पुढे बघू, असा साधा हिशोब असतो.

दौंडच्या शेतीला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी मिळतं. त्याच खडकवासला धरणावर शंभरहून जास्त वर्षांपूर्वी काम केलेल्या एका इंजिनिअरने मात्र हा हिशोब उलटा मांडला होता. ते होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर गेले. बंगळुरूत शिकवण्या घेत त्यांनी बी.ए. केलं. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आजचं सीओईपी ते हेच. १८८३ साली ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्याला तेव्हा मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नेमणूक मिळायची. त्यामुळे १८८४ मध्ये ते सहायक अभियंता झाले. पहिली नोकरी त्यांना शोधावी लागलीच नाही.

नाशिक, खानदेश, सिंधमधलं सक्कर असं फिरत ते पुण्याला आले. कालव्याच्या पाण्याची इथे एक जुनी अडचण होती. ठरावीक ठिकाणी बारमाही उसाला भरमसाट पाणी जायचं, जमिनी पाणथळ व्हायच्या आणि बाकीच्या रानाला पाणी पुरायचं नाही. विश्वेश्वरय्यांनी त्यावर ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, ऊस ठरावीक भागातच घ्यायचा, उरलेल्या भागात हंगामी पिकं घ्यायची आणि पिकांची फेरपालट करायची. यामुळे तेच पाणी जास्त गावांत पोहोचणार होतं.

खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, पातळी उतरली की आपोआप बंद व्हायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

नाव झालं, बढत्याही मिळाल्या. पण इंग्रजांच्या राज्यात मुख्य अभियंत्याची खुर्ची हिंदी माणसाला मिळणं जवळपास अशक्य होतं. विश्वेश्वरय्यांनी हे ओळखलं. खुर्ची उबवत निवृत्तीची वाट पाहण्यापेक्षा १९०८ मध्ये, सुमारे २४ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली आणि ते परदेश दौऱ्यावर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादची दैना केली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. शहराला पुरापासून वाचवायची योजना त्यांनी आखून दिली.

मग १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाकडून मुख्य अभियंता होण्याचं निमंत्रण आलं. स्वतःचं संस्थान, सर्वात वरचं पद. कुणीही उडी मारली असती!

विश्वेश्वरय्यांनी मात्र लगेच होकार कळवला नाही. रोजच्या फायली हलवण्यात त्यांना रस नव्हता. मोठ्या योजना हाती घ्यायला मिळतील का, तांत्रिक शिक्षण आणि उद्योग वाढवायला वाव मिळेल का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. तसा शब्द मिळाल्यावर नोव्हेंबर १९०९ मध्ये ते रुजू झाले.

मागितलं होतं तेच पुढे घडलं. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत बँक ऑफ म्हैसूर, म्हैसूर विद्यापीठ, चंदन तेल आणि साबणाचे कारखाने उभे राहिले, १९१७ मध्ये बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये वयाची शंभरी पार करून ते गेले.

आता कुणी म्हणेल, ते विश्वेश्वरय्या होते, फ्रेशरने अटी घातल्या तर एचआर दारातूनच परत पाठवेल. मुद्दा बरोबर आहे. त्यांच्यामागे २४ वर्षांचं काम होतं, म्हणूनच त्यांना कंपनीला नव्हे तर थेट संस्थानाला प्रश्न विचारता आला. पण तो प्रश्न स्वतःला विचारायला अनुभव लागत नाही. डिझाईन, प्रॉडक्शन, क्वालिटी की मेंटेनन्स, नेमकं काय शिकायचंय? दोन वर्षांनी हातात कोणतं काम असायला हवं? एवढं ठरलं की कुठे अर्ज करायचा आणि कुठे नाही, हे निम्मं तिथेच ठरतं.

आणि पहिली नोकरी मनासारखी नसली, तरी तिथे शिकलेलं वाया जात नाही. खडकवासल्याला वापरलेली स्वयंचलित दरवाज्यांची कल्पना विश्वेश्वरय्यांनी पुढे कृष्णराजसागरालाही वापरली.