वाफेचा कारभारी आणि स्प्रिंगची झडप

स्वयंपाकघरातला कुकर, न्हाणीघरातला गीझर, दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह आणि कारखान्यातला बॉयलर या चौघांत एक गोष्ट सारखी आहे. चारही ठिकाणी बंद भांड्यात दाब तयार होतो आणि तो हाताबाहेर जाण्याआधी वाट करून देणारी झडप लागते. शिरढोणच्या एका अंगाला तळोजा, तर दुसऱ्या अंगाला रसायनी-पाताळगंगा असे औद्योगिक पट्टे आहेत. तिथे बॉयलरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला या झडपेचे मोल वेगळे सांगायला नको. खाडीपलीकडच्या मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वी हीच जबाबदारी एका भारतीयाच्या खांद्यावर होती. त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि तेव्हापासून जहाजबांधणी हा घरचा धंदाच झाला. वाडियांच्या सागवानी जहाजांची ख्याती मोठी होती. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेले आहे. अर्देशीरही किशोरवयातच गोदीत दाखल झाले. पण त्यांचा जीव लाकडापेक्षा वाफेत अधिक रमला. त्यांनी एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले. पुढे विलायतेहून मागवलेले दहा अश्वशक्तीचे इंजिन ‘इंडस’ नावाच्या लहान जहाजावर बसवले. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, तेव्हा ते पाहायला खुद्द गव्हर्नर आले होते.

वाफेचे काम जोखमीचे असते, कारण एक लिटर पाण्याची उघड्यावर वाफ झाली की ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. बंद बॉयलरमधले पाणी शंभर अंशांच्या बरेच वर तापलेले असते. पत्रा फाटला की त्यातल्या पुष्कळ पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. यावरचा पहिला उपाय एका डॉक्टरने शोधला. दनी पापँ या फ्रेंच वैद्यकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हाडेसुद्धा मऊ शिजवणारे बंद भांडे दाखवले. ते फुटू नये म्हणून त्याने वजन टांगलेल्या दांडीची झडप वापरली. आपल्या कुकरची शिट्टी याच घराण्यातली.

झडप असली तरी माणूस ती दाबून ठेवू शकतो. १८०३ साली इंग्लंडमध्ये ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाची झडप अशीच अडकवून ठेवली गेली. बॉयलर फुटून चार जण मेले. त्यानंतर ट्रेव्हिथिकने दोन झडपा बसवायला सुरुवात केली. त्यांतली एक कामगाराच्या हाताला लागणार नाही अशी असे.

वाफेच्या जहाजांचे शास्त्र मुळापासून शिकण्यासाठी अर्देशीर १८३९ साली इजिप्तच्या वाटेने इंग्लंडला गेले. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये लंडनला छापली गेली. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय श्रीनिवास रामानुजन. ते १८१८ नव्हे, तर थेट १९१८ साली, म्हणजे ७७ वर्षांनी निवडले गेले.

त्याच वर्षी अर्देशीर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक झाले. हाताखाली युरोपीय फोरमन, इंजिनियर आणि बॉयलर बनवणारे कारागीर होते. गोऱ्यांवर हिंदी माणसाचा हुकूम चालावा, हे मुंबईतल्या काही इंग्रजांना रुचले नाही. झडपेच्या शोधाशी अर्देशीर यांचे नाव जोडलेले नाही. पण यंत्रांची तपासणी त्यांच्या हुद्द्यातच होती. बॉयलर ठीक आहे असे त्यांनी म्हटले, की त्या भरवशावर जहाजावरची माणसे समुद्रात जात.

समुद्रावर वजनाच्या झडपेची एक अडचण होती. जहाज ३० अंशांनी कलले तर झडपेवर सरळ दाबणारा भार सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. लाटेवर जहाज वरखाली होताना तो आणखी बदलतो. त्यामुळे झडप नको तेव्हा फुसफुसते. मग वैतागलेला माणूस जास्तीचे वजन टांगतो आणि धोका वाढतो. स्प्रिंगला मात्र जहाज कलल्याने फरक पडत नाही.

स्प्रिंगच्या झडपेचा आराखडा साध्या गुणाकारापासून सुरू होतो. झाकणाखालचे भोक ५० मिलिमीटर व्यासाचे असेल तर क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबावर झडप उघडायची असेल, तर स्प्रिंगने झाकण साधारण १९६ किलोच्या जोराने दाबून धरले पाहिजे. पुढे खरी गोम आहे. झाकण उचलले की स्प्रिंग आणखी दबते आणि तिचा जोर वाढतो. म्हणून झाकणाला बाहेर रुंद काठ देतात. झडप जराशी किलकिली होताच वाफेला हा काठही ढकलायला मिळतो आणि झाकण एकदम उघडते. झाकण व्यासाच्या पाव भागाएवढे, म्हणजे इथे साडेबारा मिलिमीटर उचलले, की कडेची वाट भोकाएवढी मोकळी होते. याहून महत्त्वाचा नियम म्हणजे, बॉयलर पूर्ण भरात जेवढी वाफ करील तेवढी सगळी झडपेतून जाता आली पाहिजे. नाहीतर झडप उघडी असूनही दाब चढतच राहतो.

अर्देशीर नोकरीत असतानाच इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५५च्या सुमारास रेल्वे इंजिनासाठी जोडझडप काढली. दोन झडपांवर एक आडवी दांडी आणि मधोमध एकच स्प्रिंग. ड्रायव्हरने दांडी दाबून एक झडप घट्ट करायला जावे, तर दुसरी आपोआप सैल होई. वेगाच्या मोहात पडलेल्या माणसाच्या हातात सुरक्षेची किल्ली ठेवू नये, हा ट्रेव्हिथिकचा धडा त्यांनी यंत्राच्या रचनेतच आणला.

अर्देशीर १८४९ साली अमेरिकेलाही जाऊन आले. १८५७ साली ते कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाले. पुढे काही काळ त्यांनी सिंधमध्ये कोटरी इथे सिंधू नदीवरच्या जहाजांचे काम पाहिले. अखेरची वर्षे इंग्लंडमध्ये रिचमंडला घालवली आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६९ साली त्यांच्या नावाने तिकीट काढले.

त्यांचे तपासणीचे काम आज महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय करते. झडप ठरलेल्या दाबावर लावून तिला सील ठोकतात, ते कोणी परस्पर पिळू नये म्हणून. घरात असा निरीक्षक येत नाही, तेव्हा दोन गोष्टी आपणच पाहाव्यात. कुकर लावण्याआधी शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून मोकळी आहे ना, हे बघावे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घालावा. दुसरे गीझरचे. २५ लिटरच्या गीझरमधले पाणी २५ अंशांवरून ७० अंशांवर गेले की साधारण अर्धा लिटर फुगते आणि स्प्रिंगच्या झडपेतून थेंब थेंब टपकते. हे टपकणे म्हणजे झडप काम करत असल्याची खूण आहे. गीझर बंद असतानाही ते थांबत नसेल तर प्लंबरला बोलवावे. पण त्या नळीच्या तोंडाला बूच मात्र कधीही मारू नये.