लाठीभर अंतर : राजरत्न प्रो. माणिकराव

लाठीच्या जोडीत पहिला वार बसायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो. समोरच्याच्या टप्प्याबाहेर अर्ध्या पावलावर उभं राहायचं, टोक त्याच्या छातीच्या रेषेत धरायचं आणि न मारता थोडं पुढे सरकायचं. तो मागे हटला तर जागा आपली. घाबरून घाईत वार केला तर त्याची बाजू उघडी पडते. जपानी केंडोत या दाबाला ‘सेमे’ आणि अंतराला ‘मा-आई’ म्हणतात. आपल्याकडे उस्ताद नुसतं ‘पवित्रा सांभाळ’ म्हणतात, त्यात हे सगळं आलं.

ही विद्या म्हटली की मला बडोद्याचे माणिकराव आठवतात. जन्म 1878 चा, आणि गंमत बघा, इंग्रजांनी हत्यारबंदीचा कायदा केला तेही हेच साल. दोन वर्षांनी, 1880 मध्ये, जुम्मादादांचा आखाडा बडोद्यात सुरू झाला. उस्ताद मुसलमान, शिष्य मराठी हिंदू; पुढे आखाड्याची गादी या शिष्याकडेच आली. आज याचं कुणाला नवल वाटत असेल तर ते आजचं नवल, तेव्हाचं नव्हे.

आखाड्यात कुस्ती, मल्लखांब, लाठी, जंबिया असं सगळं चाले. मला यातला जंबिया फार बोलका वाटतो. लाठीत दोघांमध्ये पाच-सहा हात मोकळे असतात, चुकलात तर सावरायला वेळ मिळतो. जंबियात वीतभर पातं. समोरच्याचं मनगट हाती लागेल इतकं जवळ जावंच लागतं. तिथे दाब पायांचा आणि नजरेचा.

माणिकरावांनी मात्र आणखी एक मोठं काम अंगावर घेतलं : संघव्यायाम. शेकडो मुलं एका मैदानात, लाठी-लेझीम एका ठेक्यात, आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत. सयाजीराव महाराजांचा आश्रय होताच. ‘राजरत्न’ किताबही मिळाला. पण खरं सांगायचं तर इथे मी जरा अडखळतो. रांगेत उभ्या मुलांमधलं अंतर ठरलेलं असतं, समोर कुणी दबाव टाकत नाही. तमाचा, बाहेरा, शीर हे वार हवेत सुंदर दिसतात, पण समोर माणूस नसेल तर अर्ध्या पावलाची किंमत कळणार कशी? तरी आखाड्याच्या चार भिंतींत दहा-वीस जण शिकले असते, तिथे हजारांच्या हातात काठी आली. देश पारतंत्र्यात असताना मीही कदाचित हेच निवडलं असतं.

आणि हाच माणूस हाडवैद्य म्हणूनही नावाजलेला. निखळलेला खांदा, मोडलेलं मनगट घेऊन लोक त्यांच्याकडे येत. कुठल्या कोनातून किती जोर लावला की सांधा सुटतो, हे ज्याला ठाऊक, त्याच्याच बोटांना तो बसवताही येई.

1954 मध्ये ते गेले. बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर अजून चालू आहे.