नऊ मागण्या आणि डॉ. सय्यद महमूद

निवडणूक महापालिकेची असो की विधानसभेची, मतदानाच्या आठवडाभर आधी आपल्या मोहल्ल्यात पाठिंब्याची पत्रकं फिरू लागतात. अमुक जमातीचा, तमुक तंजीमचा, या उमेदवाराला जाहीर पाठिंबा. खाली सह्या, शिक्के. आम्ही शिक्षक मंडळी अशी पत्रकं हातात आली की एकच गोष्ट शोधतो, बदल्यात मागितलं काय? बहुतेक वेळा त्याची एक ओळही नसते. म्हणून डॉ. सय्यद महमूद यांची आठवण. आपल्या संघटनांनी एकत्र बसून मागण्या कागदावर उतरवल्या आणि त्यावरून उमेदवार ठरवले, तो प्रयोग त्यांच्या सदारतीत झाला.

जन्म १८८९ चा, उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातला. अलिगढला शिकले, इंग्लंडात बॅरिस्टर झाले, जर्मनीतून डॉक्टरेट घेतली. परतल्यावर पाटण्यात वकिली, मग खिलाफत चळवळ, काँग्रेस आणि तुरुंग. नेहरूंशी दोस्ती विलायतेपासूनची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेसचे बडे नेते पकडले गेले, त्यांत हेही होते. नेहरू, आझाद यांच्यासोबत त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. आपल्यापैकी कितीजणांनी तो किल्ला पाहिला आहे, पण हे नाव फार कमी मुलांना माहीत असतं.

त्याआधीचा एक प्रसंग. १९३७ मध्ये बिहारात काँग्रेस जिंकली. मौलाना आझादांनी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे की तिथलं नेतेपद डॉ. महमूद यांच्याकडे यायला हवं होतं, पण ते मुसलमान असल्यानं डावलले गेले. त्याच जोडीला त्यांनी मुंबईच्या नरिमन यांचं, म्हणजे एका पारशी नेत्याचं, उदाहरण दिलं आहे. बिहारात श्रीकृष्ण सिंह मुख्य झाले. डॉ. महमूद त्यांच्याच मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री म्हणून गेले आणि साक्षरतेच्या मोहिमेला लागले. रुसून घरी बसले नाहीत. स्वातंत्र्यानंतर लोकसभेत निवडून आले, परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री झाले.

१९६१ मध्ये जबलपूरला दंगल झाली. त्यानंतर दिल्लीत मुस्लिम कन्व्हेन्शन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच. १९६४ मध्ये कलकत्ता, जमशेदपूर, राउरकेला पेटलं. ऑगस्टमध्ये लखनौच्या नदवतुल उलेमात निरनिराळ्या मसलकांचे, संघटनांचे लोक जमले. मौलाना अली मियाँ नदवी होते, जमाते इस्लामीचे लोक होते, लखनौचे नामांकित डॉक्टर अब्दुल जलील फरीदी होते. एरवी एका दस्तरखानावरही न बसणारी मंडळी! तिथं मजलिस-ए-मुशावरत उभी राहिली आणि सदर म्हणून पंचाहत्तरीतल्या या काँग्रेसवाल्याचं नाव ठरलं.

१९६७ च्या निवडणुकीसाठी मुशावरतीनं नऊ कलमी जाहीरनामा काढला. उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा, शालेय पुस्तकांची फेरतपासणी, पर्सनल लॉ आणि अलिगढ विद्यापीठाचं संरक्षण, मतांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व अशा मागण्या त्यात होत्या. पक्ष कोणताही असो, जो हे मान्य करील त्याला पाठिंबा. पुस्तकांचा मुद्दा निवडणुकीच्या कागदावर आला, याचं आम्हाला शिक्षक म्हणून आजही अप्रूप वाटतं.

पण एकाच संघटनेत दोन विचार होते. डॉ. महमूद यांना काँग्रेसमधल्या चांगल्या माणसांशी नातं तोडायचं नव्हतं. डॉ. फरीदींचं म्हणणं, सत्ताधाऱ्यांना हरवल्याशिवाय कोणी ऐकणार नाही. निकाल लागला तेव्हा उत्तर प्रदेशात काँग्रेस ४२५ पैकी १९९ वर अडकली होती, बिहारातही बहुमत गेलं होतं. हे सगळं मुशावरतीमुळे झालं असं कोणी म्हणेल, तर ते आम्हाला पटत नाही. महागाई, दुष्काळ, पक्षातली फाटाफूट ही कारणंही मोठी होती.

पुढचं ऐकायला कडू आहे. बिहारात नवं आघाडी सरकार आलं, उर्दूचा प्रश्न विधानसभेत आला, त्याविरुद्ध मोर्चे निघाले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये रांचीत दंगल उसळली. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक मुसलमान. निवडून आलेल्यांना जाब विचारायचा तर कसा, याची काहीच सोय जाहीरनाम्यात नव्हती. आमदार पक्ष बदलत होते, तिथं उमेदवारानं दिलेला शब्द कोण धरणार?

मतभेद वाढत गेले. डॉ. महमूद यांनी सदारत सोडली, ती मुफ्ती अतीकुर्रहमान उस्मानी यांच्याकडे गेली. डॉ. फरीदींनी १९६८ मध्ये मुस्लिम मजलिस हा वेगळा पक्षच काढला. डॉ. महमूद १९७१ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. बिहारात उर्दू दुसरी राजभाषा झाली ती १९८०-८१ मध्ये, आणि ती केली काँग्रेसच्याच सरकारनं.