डॉ. विक्रम साराभाई

पाऊस येतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपला शेतकरी पिढ्यान् पिढ्या आकाशाकडे डोळे लावून बसत आला आहे. उलटपक्षीं आकाशांतूनच खालीं पाहून देशांतील पिकें, नद्या व जलाशय यांची पाहणी करावी, आणि ती आपल्या देशानें स्वतःच्या साधनांनीं करावी, असा ध्यास ज्यांनीं घेतला, त्या डॉ. विक्रम साराभाई यांचें हें अल्पचरित्र आहे.

विक्रम यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजीं अहमदाबाद येथें झाला. वडील अंबालाल हे मोठे गिरणीमालक. उच्च शिक्षणासाठीं विक्रम केंब्रिज येथें गेले. परंतु महायुद्ध सुरू झाल्यामुळें त्यांस परत यावें लागलें, व त्यांनीं बंगलोर येथें सर चंद्रशेखर रामन यांच्या देखरेखीखालीं विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. ह्या किरणांचें मापन करण्यासाठीं ते पुण्याच्या वेधशाळेंतही आले होते. तेथें प्रख्यात हवामानशास्त्रज्ञ रामनाथन यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. १९४७ सालीं केंब्रिजची डॉक्टर ही पदवी मिळवून त्यांनीं त्याच वर्षीं अहमदाबादेस भौतिक संशोधन मंदिर स्थापिलें, तेव्हां त्याचे पहिले संचालक हेच रामनाथन झाले. गिरणीमालकाच्या मुलास स्वस्थ बसून खाण्यास कांहींच हरकत नव्हती, हें येथें ध्यानांत ठेवावें.

१९६२ सालीं अवकाश-संशोधनाची राष्ट्रीय समिति नेमली गेली, व साराभाई तिचे अध्यक्ष झाले. अग्निबाण सोडण्यासाठीं चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. ती त्रिवेंद्रमनजीक थुंबा ह्या कोळ्यांच्या खेड्यांत सांपडली. पण तेथें सेंट मेरी मॅग्डलिन हिच्या नांवाचें देवालय होतें, व भोंवतीं त्या भाविक लोकांचीं घरें होतीं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनीं ही गोष्ट लोकांपुढें ठेविली, आणि लोकांनीं जागा दिली. त्यांच्यासाठीं दुसरीकडे वस्ती व नवें देवालय उभारण्यांत आलें. पिढीजात घर व प्रार्थनेची जागा सोडणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. साराभाईंच्या चरित्रांत ह्या अनामिक कोळ्यांचाही वांटा आहे असें मी समजतों. त्याच देवालयांत कचेरी थाटली गेली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून वाहून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेहून आणलेला होता.

विहिरी खणण्यास पैसा नाहीं अशा देशानें अग्निबाण कां उडवावे, असा आक्षेप तेव्हां पुष्कळांनीं घेतला. तो अगदींच पोकळ होता असें मला वाटत नाहीं. लौकरच १९६६-६७ सालीं बिहारांत भयंकर दुष्काळ पडला. तथापि साराभाईंचें म्हणणें निराळें होतें. चंद्रावर माणूस पाठविण्यांत श्रीमंत राष्ट्रांशीं स्पर्धा करण्याची त्यांस हौस नव्हती. माणसांच्या रोजच्या अडचणी सोडविण्यास जें उपयोगी पडेल तेवढेंच त्यांस हवें होतें. विहीर खणण्यास पैसा लागतो हें खरें. पण ती कोठें खणावी हें न कळल्यानेंही पैसा मातींत जातो.

त्यांनीं ह्याची चुणूक एका वेगळ्याच कामांत दाखविली. केरळांत नारळीच्या झाडांस मूळकुजीचा रोग लागला होता. १९७० सालीं साराभाईंच्या प्रोत्साहनानें पिशारोटी यांनीं हेलिकॉप्टरमधून त्या बागांचीं छायाचित्रें घेतलीं. हे पिशारोटी पूर्वीं पुण्यांतील उष्णकटिबंधीय हवामान-संस्थेचे संचालक होते. त्यांनीं वापरलेल्या फिल्मवर तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांस न दिसणारा प्रकाशही उमटतो. निरोगी पान हा प्रकाश पुष्कळ परत फेंकतें, रोगट पान कमी. म्हणून आजारी झाडें चित्रांत वेगळीं ओळखूं येतात. पाणी तर तो जवळजवळ सगळाच गिळून टाकतें, त्यामुळें अशा चित्रांत तळें काळें कुळकुळीत दिसतें व त्याचा कांठ रेघ ओढल्यासारखा स्पष्ट असतो. धरणांतील पाण्याची पातळी ठाऊक असली, आणि निरनिराळ्या पातळ्यांवर पाणी किती क्षेत्र व्यापतें हें चित्रावरून मोजलें, म्हणजे तळाशीं गाळ सांचून धरणाची सांठवण किती घटली याचा हिशेब निघतो. होडींतून दोर सोडून हेंच काम करावयाचें तर फार दिवस जातात.

१९६६ सालीं डॉ. होमी भाभा विमान-अपघातांत वारले, आणि अणुशक्ति आयोगाचाही भार साराभाईंवर पडला. १९६९ सालीं त्यांनीं अवकाश-संशोधन संघटना स्थापन केली. हा सारा व्याप एका माणसास झेपण्याजोगा नव्हता. ३० डिसेंबर १९७१ रोजीं, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षीं, त्रिवेंद्रमजवळ कोवळम येथें झोंपेंतच त्यांचा अंत झाला.

भूसंपत्तीच्या पाहणीसाठीं खास बनविलेला पहिला उपग्रह अमेरिकेनें २३ जुलै १९७२ रोजीं सोडला. त्याचें एकही चित्र पाहणें साराभाईंच्या नशिबीं नव्हतें. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडून गांवोगांवच्या विहिरी आटल्या. पुढें १९७९ सालीं भास्कर व १९८८ सालीं आपला पहिला पूर्ण दूरसंवेदन उपग्रह आकाशांत गेला. उपग्रहांच्या चित्रांवरून जिल्ह्याजिल्ह्यांचे भूजलाचे नकाशे तयार झाले, व विहिरीची जागा ठरवितांना ते पुढ्यांत ठेवूं लागले. हिमालयावरील बर्फाचा विस्तार मोजून, उन्हाळ्यांत सतलजेला किती पाणी येईल याचा अंदाज भाक्रा धरणासाठीं बांधतां येऊं लागला. थुंब्याच्या त्या जुन्या देवालयांत पुढें अवकाश-संग्रहालय झालें.