दहा वर्षांची दुहेरी चाकरी : सर चंद्रशेखर वेंकट रामन

गतवर्षीच्या वधूवर परिचय मेळाव्यात परिचयपत्रिका वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे होते. मुलाचे नाव, शिक्षण, उंची हे सर्व सांगून झाले की सभागृहातून एकच प्रश्न येई : नोकरी कायम आहे ना? ज्याची कायम, त्याच्याभोवती पालकांची गर्दी. ज्याची नाही, तो बिचारा चहाच्या टेबलापाशी उभा. मेळावा संपल्यावर एक तरुण आम्हांस बाजूला घेऊन गेला. तो आमचाच जुना विद्यार्थी. राष्ट्रीयीकृत बँकेत त्याची कायम नोकरी, वेतन उत्तम. परंतु मन गणित शिकविण्यात. एका महाविद्यालयात शिकविण्याची जागा मिळण्यासारखी होती, वेतन मात्र निम्म्याच्या आसपास. आता काय करावे, असे त्याने विचारले. आम्ही सदतीस वर्षे शाळेत काढली, पण त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या चरित्राची आठवण झाली. रामन यांचे नाव शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु वयाची तिशी गाठण्यापूर्वीची दहा वर्षे ते सरकारी हिशेबनीस होते व त्यांपैकी काही काळ आपल्या नागपुरात होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्या दहा वर्षांची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे विशाखापट्टणमच्या महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. घर शिक्षकाचे, म्हणजे पुस्तके पुष्कळ आणि पैसा बेताचा. आम्हां शिक्षकमंडळींस हे वर्णन समजावून सांगण्याची गरज नाही. मुलगा विलक्षण बुद्धीचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली तो पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला, तेव्हा त्याचे वय सोळाच्याही आत होते. १९०६ साली, एम. ए. होण्यापूर्वीच, त्याचा प्रकाशविषयक निबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये छापून आला.

असा मुलगा त्या काळी विलायतेस जावयाचा. परंतु मद्रासच्या सिव्हिल सर्जनने प्रकृती तपासून या मुलास इंग्लंडची हवा मानवणार नाही, असे सांगितले. तो मार्ग खुंटला. मग उरले काय? हिंदी मनुष्यास संशोधनावर पोट भरता येईल अशी जागा त्या वेळी देशात जवळजवळ नव्हतीच. थोरले बंधू सरकारच्या अर्थखात्यात होते. त्याच खात्याची स्पर्धापरीक्षा रामन यांनी दिली आणि १९०७ साली तीत पहिले आले. आवड पदार्थविज्ञानाची, परीक्षेस विषय इतिहास, अर्थशास्त्र यांसारखे, आणि तरी पहिले! ज्याला जे आवडते तेवढेच त्याला जमते, हा समज किती पोकळ आहे ते येथे दिसते. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व उभयता कलकत्त्यास गेली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी रामन सहायक महालेखापाल झाले. आजच्या मेळाव्यात अशी परिचयपत्रिका वाचली गेली असती, तर सभागृहात केवढी धांदल उडाली असती याची कल्पना वाचकांनी करावी.

आता मुख्य गोष्ट. कचेरीच्या वाटेवर ट्रामगाडीतून जाताना रामन यांच्या दृष्टीस बौबाजार रस्त्यावरची एक पाटी पडली : इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्याने, हिंदी लोकांनी स्वतःच्या बळावर विज्ञान वाढवावे म्हणून, १८७६ साली ही संस्था स्थापन केली होती. इमारत झाली, उपकरणे आली, व्याख्याने झाली. परंतु प्रयोगशाळेत ठाण मांडून बसणारा मनुष्य मिळाला नाही. त्याची खंत मनात ठेवूनच डॉ. सरकार १९०४ साली निवर्तले. रामन ट्राममधून उतरले व त्यांनी दार ठोठावले. आशुतोष डे नावाच्या सेवकाने दार उघडले आणि महेंद्रलालांचे चिरंजीव अमृतलाल सरकार यांची भेट घालून दिली. प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी तत्काळ मिळाली.

तेव्हापासून त्यांचा दिनक्रम असा ठरला. पहाटे साडेपाचच्या सुमारास प्रयोगशाळेत जावयाचे. पावणेदहास घरी येऊन घाईने स्नान-भोजन उरकून कचेरी गाठावयाची. सायंकाळी पाच वाजता कचेरीतून परस्पर प्रयोगशाळा. रात्री साडेनऊच्या पुढे घर. सुटीच्या दिवशी सबंध दिवस प्रयोगशाळेतच. हा क्रम आठपंधरा दिवस कोणीही चालवील. रामन यांनी तो, बदल्यांचा काळ वगळता, १९१७ पर्यंत चालविला. या दिनक्रमाचा भार घरी कोणी वाहिला, हे चरित्रकार एका ओळीत आटोपतात. परक्या मुलखात, परक्या भाषेत, तेरा-चौदा वर्षांच्या वयात संसार मांडणाऱ्या लोकसुंदरीबाईंच्या वाट्यास त्या काळी पतीचा सहवास किती तासांचा आला असेल, हा हिशेब आम्ही सहज मांडून पाहिला आणि तो सोडून दिला.

सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ साली रंगून व १९१० साली नागपूर असे फेरे झाले. प्रयोगशाळा अर्थातच कलकत्त्यास राहिली. रामन यांनी दोन्ही गावी राहत्या घराच्या एका भागात आपली उपकरणे मांडली. त्याच सुमारास त्यांचे वडील वारले. १९११ साली ते पुनः कलकत्त्यास आले, ते संस्थेच्या लगतच बिऱ्हाड करून. घरातून थेट प्रयोगशाळेत जाता यावे म्हणून मधल्या भिंतीस दार करून घेतले. कचेरीत त्यांच्या कामाविषयी कुरकुर नव्हती. उलट वरिष्ठ त्यांच्यावर प्रसन्न होते व बढतीची वाट मोकळी होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो. मन दुसरीकडे आहे म्हणून हातातले काम कसेबसे उरकणारे लोक आम्ही शाळेत पुष्कळ पाहिले. रामन त्यांतले नव्हते.

या दहा वर्षांत त्यांनी पंचवीसच्या वर निबंध प्रसिद्ध केले. एकतारीसारख्या भिक्षेकऱ्याच्या वाद्यावरही १९०९ साली लिहिले. विलायतेतील थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हे त्यांस पत्र लिहिताना प्रोफेसर असे संबोधीत. हा मनुष्य दिवसभर सरकारी जमाखर्च तपासतो, हे त्यांच्या स्वप्नीही नसावे. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्यांनी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. ज्या आशुबाबूंनी दार उघडले, ते कॉलेजात कधी गेले नव्हते. रामन यांच्या हाताखाली प्रयोग करता करता ते इतके तयार झाले की त्यांच्या एकट्याच्या नावाचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत छापला गेला.

इकडे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी हे विज्ञान महाविद्यालय उभारीत होते. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती व त्यांच्या नावे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद निर्माण झाले होते. सर आशुतोष यांची दृष्टी या हिशेबनिसावर गेली आणि ते पद त्यांनी रामन यांस देऊ केले. अर्थखात्यात त्या वेळी दरमहा साधारण ११०० रुपये मिळत; विद्यापीठाचे वेतन ६०० रुपये. शिवाय पालित यांच्या देणगीपत्रात अशी अट होती की, प्राध्यापकाचे शिक्षण परदेशी झालेले नसेल तर त्याने तेथे जाऊन ते घ्यावे. रामन यांनी अर्धे वेतन मान्य केले, पण ही अट मानली नाही. शिकण्यासाठी परदेशी जाण्याची आपणांस गरज नाही, ही त्यांची भूमिका होती. अखेरीस सर आशुतोष यांनी अटीतून वाट काढली. जुलै १९१७ मध्ये रामन यांनी सरकारी नोकरी सोडून प्राध्यापकपद स्वीकारले.

लोक ही गोष्ट सांगताना येथून एकदम नोबेल पारितोषिकावर उडी मारतात आणि त्याग किती फळास आला पाहा, असे म्हणतात. आम्हांस ही रीत पसंत नाही. पारितोषिक मिळाले १९३० साली. १९१७ च्या जुलैत ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे काय मिळाले यावरून मागचा निर्णय शहाणपणाचा ठरवू लागलो, तर ज्यांना पुढे काही मिळाले नाही त्या सर्वांस मूर्ख म्हणावे लागेल. त्या दिवशी रामन यांच्या तराजूत काय होते तेवढेच पाहावे. एका पारड्यात दरमहा ५०० रुपयांची घट, गेलेली बढती, सरकारी निवृत्तिवेतन. दुसऱ्या पारड्यात दिवसाचे सात-आठ तास, जे आजवर कचेरीकडे जात होते. या तासांची किंमत त्यांस ऐकीव नव्हती. पहाटे व रात्री चोरून मिळविलेल्या वेळात दहा वर्षे ती गोडी टिकली होती. रंगून-नागपुरातही विटली नव्हती. आमच्या समजुतीने खरे वजन याचेच आहे. एखाद्या रविवारच्या उत्साहावर त्यांनी राजीनामा लिहिला नव्हता.

आणि खरे बोलावयाचे तर त्यांनी सुरक्षितता सर्वस्वी सोडलीही नव्हती. सहाशे रुपये म्हणजे त्या काळी दारिद्र्य नव्हे. साध्या शाळामास्तरास तेवढे पाहावयासही मिळत नसत. विद्यापीठाची जागा प्रतिष्ठेची होती. त्यांस १९१७ साली अपत्य नव्हते, पहिला मुलगा १९२१ चा. थोरले बंधू कमावते होते. हे सर्व वगळून रामन यांचे उदाहरण पाच माणसांच्या एकट्या पोशिंद्यापुढे ठेवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

मोकळ्या झालेल्या वेळाचे त्यांनी काय केले? पालित प्राध्यापकावर शिकविण्याची सक्ती नव्हती, तरी ते वर्गावर जाऊन शिकवीत. १९१९ साली अमृतलाल सरकार वारले व बौबाजारच्या संस्थेचे मानद चिटणीसपद रामन यांच्याकडे आले. १९२० साली तबला-मृदंगावरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. आमच्या भजनी मंडळातील मंडळींस ते आवडेल. साध्या ढोलावर थाप मारली असता निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तो नुसता गडगडतो. तबल्याच्या पुडीवर शाईचे थर दिलेले असतात. त्या वजनाने कातड्याचे कंप असे बांधले जातात की मूळ स्वर व त्याचे वरचे स्वर तारेच्या वाद्याप्रमाणे सुसंवादी होतात. आमच्या कारागिरांनी कानाने साधलेली ही किमया रामन यांनी गणिताने व प्रयोगाने उलगडून दाखविली.

पुढील भाग सर्वश्रुत आहे. १९२१ साली विलायतेच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून सुरू झालेला विचार २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साह्याने केलेल्या प्रयोगांतून, रामन परिणामाच्या शोधापर्यंत पोहोचला. १९३० साली नोबेल पारितोषिक. पण आवडीच्या कामात सर्व काही गोडच असते असेही नव्हे. १९३३ साली ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले हिंदी संचालक झाले. तेथे कलह झाले आणि १९३७ साली संचालकपद सोडावे लागले. ज्या कलकत्त्याच्या संस्थेस त्यांनी नावारूपास आणले, तिच्याशीही वितुष्ट आले. स्वभाव करडा, जीभ तिखट. हिशेबखात्यात हे तंटे त्यांच्या वाट्यास कदाचित आले नसते. १९४८ साली त्यांनी बंगलोरात स्वतःची संशोधनसंस्था उभारली. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले व त्याच संस्थेच्या आवारात त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. लोकसुंदरीबाई त्यांच्यामागे १९८० पर्यंत होत्या.

आमच्याविषयी दोन शब्द. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षक झालो तो आवडीने नव्हे. वडिलांनी सांगितले, नोकरी कायम आहे, निवृत्तिवेतन आहे. आम्ही रुजू झालो. शिकविण्याची गोडी सहाव्या-सातव्या वर्षी लागली. म्हणजे आमच्या बाबतीत सुरक्षितता आधी आली व आवड मागाहून तिच्या पाठोपाठ. रामन यांच्या बाबतीत ती कचेरीत कधी आली नाही, दहा वर्षे उत्तम काम करूनही आली नाही. कोणास येईल व कोणास नाही, हे आधी कसे कळावे?

त्या तरुणास आम्ही ही हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली व दिनक्रमाचे तास पुनः विचारून कागदावर टिपले. गेल्या दिवाळीपासून तो आपल्या वसतिगृहातील मुलांस रोज पहाटे साडेसहा ते साडेआठ गणित शिकवितो आणि तेथूनच बँकेत जातो. व्यवस्थापक मंडळाने त्यास तळमजल्यावरची खोली दिली आहे. महाविद्यालयाची ती जागा यंदा भरली गेली. त्याच्या मातोश्री परवा भेटल्या. मुलाची झोप पुरी होत नाही, अशी त्यांची तक्रार होती.